दोन जिभांचा डबा

पाणी मंडळाच्या सातही सभासदांचं एका बाबतीत तरी एकमत होतं: दशांशबाई फार ताणते.

हे नाव तिला मंडळाच्या कारकुनानं दिलं होतं. फार पूर्वी त्यानं तिच्या अहवालात ‘सात पॉइंट तीन’च्या जागी नुसतं ‘सात’ टाईप केलं आणि तिनं तो कागद परत आणून त्याच्या टेबलावर आपटला.

“एवढ्याशा पॉइंट तीननं काय आभाळ कोसळणार आहे?” तो म्हणाला.

“तुमच्या लेकीला ताप आला की दशांश सोडून देता का?” तिनं विचारलं.

कारकुनानं मुकाट्यानं पान पुन्हा टाईप केलं आणि सूड म्हणून नाव ठेवलं. नाव चिकटलं. तिला ते मनातून आवडायचं, पण हे तिनं कधी कुणाला कळू दिलं नाही.

एकोणीस वर्षं ती मंडळासाठी पाणी मोजत होती. गावाचं पिण्याचं पाणी ज्या ओढ्यातून येतं, तो वरच्या खोल घळीतून उतरतो, आणि घळीच्या माथ्यावर जुन्या खाणीचं तळं आहे. खाण बंद पडून जमाना झाला, पण खाणीतून निघालेला सगळा गाळ त्या तळ्यात साठवून ठेवलेला. तळं झिरपायला लागलं की ओढ्याचं पाणी आंबट होणार, हे शेंबडं पोरसुद्धा सांगेल. आकडा जितका उतरतो, तितकं पाणी आंबट: सात म्हणजे पाणी ठीक. सहाच्या खाली गेलं की काळजी. पाचच्या खाली गेलं की गावाचे नळ बंद, मग कुणी कितीही आरडाओरडा करो. हा आकडा आणायला ती आठवड्यातून एकदा बाटली घेऊन घळीत उतरायची. म्हणजे उरलेले सहा दिवस गावानं डोळे मिटून पाणी प्यायचं. हे तिला इतकं सलायचं, की अर्जामागून अर्ज करून, सभासदांच्या दारात चपला झिजवून तिनं अखेर घळीपासून गावापर्यंतच्या ओढ्यासाठी नऊ डबे मंजूर करून घेतले. प्रत्येक डब्यात एक सेन्सर, जो पाण्यात बुडून राहतो आणि दर पाव तासाला आंबटपणा मोजतो.

डबे आले. आता प्रश्न एवढाच होता, की डब्यांनी मोजलेलं गावापर्यंत पोचायचं कसं.

वायर ओढणं शक्य नव्हतं. पहिल्या दरडीबरोबर ती ओढ्यात गेली असती. उपग्रहावरून बोलणारं यंत्र लावावं, तर घळीच्या तळाशी उभं राहिलं की आभाळाची चार बोटं रुंद पट्टी दिसते. उपग्रह त्या पट्टीत डोकावेपर्यंत वाट बघत बसायचं. उरले दोन रस्ते.

पहिला रस्ता खाण कंपनीनं स्वतःच चालत आणून दिला. खाण बंद असली तरी कंपनीचा कारभार चालू होता, आणि तिचा मोबाईल टॉवर समोरच्या टेकडीवर होता. त्यांचा प्रस्ताव असा: सिम आमची, सर्व्हर आमचा, तुम्हाला दर महिन्याला छापलेला तक्ता घरपोच, आणि सगळं फुकट. अध्यक्षांचा चेहरा फुलला. फुकट ते पौष्टिक, हे त्यांचं आयुष्यभराचं धोरण होतं.

“म्हणजे तळं त्यांचं,” ती म्हणाली, “ते झिरपलं तर बोंब मारणारा डबा आपला, आणि ती बोंब ऐकणारे कान पुन्हा त्यांचेच. चोराच्या हाती तिजोरीच्या किल्ल्या द्यायच्या आणि वर आभाराचं पत्र पाठवायचं.”

“बाई, चोर म्हणू नका. सभेच्या नोंदीत येतं ते.”

“येऊ द्या. शुद्धलेखन नीट करायला सांगा.”

दुसरा रस्ता तिचा होता. तळहातावर मावेल एवढा रेडिओ, ज्याला फार काही बोलता येत नाही. गाणं नाही, चित्र नाही, एका वेळी दहा-बारा अक्षरं, तीही रमतगमत. पण मध्ये डोंगर आला नाही तर ती अक्षरं कोसच्या कोस जातात, आणि साध्या बॅटरीवर तो काही वर्षं चालतो. हवेतला तो पट्टा सगळ्यांना मोकळा असतो. त्याला कुणाचा टॉवर लागत नाही की कुणाची मेहरबानी. डब्यातून घळीच्या कडेवर लावलेल्या, निरोप पुढे ढकलणाऱ्या रिलेच्या पेटीत, तिथून थेट मंडळाच्या गच्चीवर, एवढा सरळ प्रवास.

“टेलिफोन असताना पोस्टकार्ड?” बेकरीवाले हसले. ते सभासदांतले विनोदी.

“पोस्टकार्डच,” ती म्हणाली. “‘आज सात पॉइंट तीन, बॅटरी ठीक’ एवढं कळवायला टेलिफोन कशाला लागतो?”

वाद चिघळला तेव्हा निवृत्त हेडमास्तरांनी तोडगा काढला. घळीतल्या एकाच डब्यावर दोन्ही यंत्रं बसवा. सेन्सर एक, मोजणी एक. तीच मोजणी डबा कंपनीच्या टॉवरलाही सांगेल आणि बाईच्या रेडिओलाही. तीस दिवस बघू, कुणाकडून किती पोचतं. कारकुनानं त्या डब्याचंही नाव ठेवलं, ‘दोन जिभांचा डबा’. त्याला नावं ठेवण्याचं अंगच होतं.

यात एक दुखणं होतं. कंपनीच्या टॉवरखालच्या खोलीत बसून येणारे आकडे तक्त्यात लावण्याचं काम जो माणूस करायचा, तो तिचा सख्खा मोठा भाऊ होता.

तीस दिवस संपले आणि सभेत निकाल वाचला गेला. डब्यानं एकूण दोन हजार आठशे ऐंशी वेळा मोजलं होतं. कंपनीच्या तक्त्यात दोन हजार आठशे ऐंशी आकडे. तिच्या तक्त्यात दोन हजार सहाशे एकवीस.

“शंभर टक्के,” अध्यक्ष म्हणाले, “आणि एक्याण्णव टक्के.” मग त्यांनी चष्मा काढून पुसला. जिंकल्यावर ते नेहमी चष्मा पुसायचे.

“दोनशे एकोणसाठ वेळा माझ्याकडे काही आलं नाही,” ती म्हणाली. “चूक माझी आहे. रिलेची जागा मी झाडं बोडकी असताना ठरवली. नंतर पालवी फुटली, पानं भिजली, आणि ओली पानं रेडिओ पिऊन टाकतात. पेटी दोन पुरुष उंच चढवली की निम्म्याहून जास्त भोकं बुजतील.”

“नाचता येईना, अंगण वाकडं,” बेकरीवाले म्हणाले आणि सगळे हसले.

“अंगण सरळच आहे. माझंच पाऊल चुकलं, असं मी आत्ताच म्हटलं. ऐकू आलं नसेल तर पुन्हा सांगते.”

ठरलं असं, की सोमवारी कंपनीचे व्यवस्थापक येतील, मतं घेतली जातील, आणि निकालाच्या कागदावर मोजणारीण म्हणून ती सही करेल. तिच्या सहीशिवाय मंडळाचा कुठलाच तक्ता पुढे जात नसे. ‘तपासला, खरा आहे’ असं वर छापलेलं असायचं आणि खाली तिचं नाव. एकोणीस वर्षांत तिनं त्या तीन शब्दांखाली खोटी सही केलेली नव्हती.

आपल्या खोलीत परतल्यावर तिनं दोन्ही तक्ते फरशीवर पसरले. खोली लहान, एका भिंतीला बाटल्या धुवायचं बेसिन, दुसऱ्या भिंतीला खिडकी, आणि खिडकीतून दिसणारी पाण्याची टाकी. गुडघे टेकून, हातात पेन्सिल घेऊन ती ओळीनं वाचत गेली. तिला कंपनीची चूक शोधायची नव्हती. खरं सांगायचं तर तिला हेवा वाटत होता. त्या घळीत उभं राहून फोन कानाला लावला तर ‘हॅलो’च्या पुढे जात नाही, आणि यांचा एकही आकडा हुकत नाही? असं कुठलं यंत्र लावलंय यांनी? तिला ते शिकून घ्यायचं होतं.

मग गुरुवार आला, सव्वादहाची ओळ आली, आणि पेन्सिल थांबली.

दर दुसऱ्या गुरुवारी ती घळीत उतरून सेन्सर पाण्याबाहेर काढायची. त्याच्या काचेच्या टोकाला शेवाळ धरतं. ते मऊ ब्रशनं घासायचं, धुवायचं, आणि मग सेन्सर एका छोट्या बाटलीत बुडवायचा. त्या बाटलीतल्या पाण्याचा आंबटपणा मुद्दाम बरोबर चार ठेवलेला असतो. सेन्सर चार म्हणाला तर त्याचं डोकं ठिकाणावर आहे. साडेचार म्हणाला तर त्याचा कान पिळायचा. पण डब्याला बिचाऱ्याला काय माहीत, की आपला सेन्सर आत्ता ओढ्यात आहे की बाईच्या हातातल्या बाटलीत! पाव तास झाला की तो दिसेल ते सांगून मोकळा होतो. म्हणून पाणी मोजणाऱ्या कुणाच्याही खऱ्या तक्त्यात साफसफाईच्या दिवशी असा एक वेडावाकडा आकडा सापडतोच. तिच्या तक्त्यात होता: गुरुवार, सव्वादहा, चार पॉइंट शून्य.

कंपनीच्या तक्त्यात त्याच गुरुवारी, त्याच सव्वादहाला, सात पॉइंट तीन.

तिनं पुढचा साफसफाईचा गुरुवार काढला. तिच्याकडे चार. त्यांच्याकडे सात पॉइंट दोन.

आधी तिला हसूच आलं. सव्वादहाला सेन्सर तिच्या हातात होता, ओढा तिच्या पायाखाली होता, आणि हे सांगतायत की तेव्हा पाणी उत्तम होतं! मग हसू विरलं. तिच्या बाटलीतला चार जर असा गायब होत असेल, तर उद्या तळं झिरपल्यावर येणारा चारही गायब होईल. गाव सात पॉइंट तीन वाचत आंबट पाणी पीत राहील. आणि त्या सात पॉइंट तीनखाली लिहिलेलं असेल, ‘तपासला, खरा आहे’.

संध्याकाळी ती भावाच्या घरी गेली. वहिनी धुतलेले कपडे घडी करत होती आणि दादा इस्त्रीची वायर सोलत बसला होता. तिनं दोन्ही कागद त्याच्यासमोर ठेवले आणि दोन ओळींवर बोट ठेवून साफसफाईच्या बाटलीतला चार समजावून सांगितला.

दादानं कागदाकडे बघितलं, तिच्याकडे नाही. “यंत्रच वेडेवाकडे आकडे गुळगुळीत करत असेल. मला काय विचारतेस? मी खुर्चीवर बसणारा माणूस.”

“खुर्चीवर बसून तू काय करतोस?”

“बसतो.”

“दादा.”

“अगं, नसत्या भानगडीत कशाला पडतेस? घेऊन टाका टॉवर. तुझी ती पायपीट तरी वाचेल. गुडघे बघ जरा स्वतःचे.”

“गुडघे माझे आहेत. त्यांची बाजू मांडायला मी तुला वकील नेमलेलं नाही.”

“तुम्ही दोघं खुशाल भांडा,” वहिनी म्हणाली, “पण चहा गार करू नका. मी पुन्हा तापवणार नाही.”

त्यांनी चहा घेतला. वहिनीनं दोघांच्या मध्ये बिस्किटांची बशी ठेवली आणि ती तशीच राहिली. निघताना तिनं दारात चपला घालता घालता सांगितलं, “सोमवारी मी हे सभेत मांडणार आहे. तुझं नाव माझ्या तोंडून येणार नाही. नोकरी तुझी आहे, ती मी पणाला लावणार नाही.”

दादानं मान हलवली. तो इस्त्री उलटीसुलटी करून बघत राहिला. घरी जाताना तिला त्याचा राग आला, आणि राग आला म्हणून वाईट वाटलं, आणि वाईट वाटलं म्हणून पुन्हा राग आला.

सोमवारी व्यवस्थापक आले ते लॅपटॉप, लांबलचक पडदा आणि दादाला घेऊन. दादाला पडद्यावर तक्ता दाखवायला आणलं होतं. त्यानं इस्त्रीचा शर्ट घातला होता. म्हणजे इस्त्री दुरुस्त झाली होती. तो लॅपटॉपमागे खाली मान घालून बसला.

तिनं दोन्ही कागद सातही सभासदांना वाटले, गुरुवारच्या ओळी दाखवल्या आणि साफसफाई कशी होते ते सांगितलं. ब्रश, बाटली, सगळं बरोबर आणलं होतं. ते टेबलावर मांडलं. नर्सबाईंनी, म्हणजे गावच्या दवाखान्याच्या मुख्य परिचारिकेनं, बाटली उचलून उजेडात धरली.

व्यवस्थापक गोड हसले. “अहो, हे सॉफ्टवेअर आहे. एखादा आकडा अचानक उडी मारतो, तेव्हा तो चुकीचा धरून आपोआप काढला जातो. सगळीकडे असंच करतात.”

“म्हणजे तळं फुटलं तर आकड्यानं तुमची परवानगी काढून, हळूहळू, एकेक पायरी उतरायचं का?” तिनं विचारलं. “उडी मारली तर तुम्ही त्याला हाकलणार!”

बेकरीवाल्यांना हसू फुटलं. अध्यक्षांनी त्यांच्याकडे डोळे वटारले.

“तांत्रिक बाब आहे, बाई, तुम्हाला नाही कळायची,” व्यवस्थापक म्हणाले. “आमचे ऑपरेटर इथेच आहेत. सांगा हो यांना. आपोआपच होतं ना ते?”

“त्यांना विचारू नका,” ती झटकन म्हणाली. “माझा प्रश्न तुम्हाला आहे.”

पण दादा उभा राहिला होता. त्यानं एक हात खुर्चीच्या पाठीवर ठेवला होता.

“आपोआप नाही होत,” तो म्हणाला. “मी करतो.”

व्यवस्थापकांचं हसू तोंडावर तसंच राहून गेलं, काढायला विसरल्यासारखं.

“घळीत रेंज धड लागत नाही,” दादा सांगू लागला. “दिवसाला वीस-तीस आकडे येतच नाहीत. साहेब म्हणाले, तक्त्यात भोकं दिसता कामा नयेत. मागचा आकडा पुढे ओढायचा आणि जागा भरायची. रोज सकाळी मी तेच करतो.”

“आणि चार?” तिनं विचारलं. विचारायचं नाही असं तिनं ठरवलं होतं, तरी तोंडातून गेलंच. “चार तर आला होता ना तुझ्याकडे?”

“आला होता. दोन्ही वेळा आला होता.” आता पहिल्यांदाच त्यानं तिच्याकडे बघितलं. “मला वाटलं तुझं काहीतरी चुकलं. वेंधळी तर तू आहेसच लहानपणापासून. वाटलं, सेन्सर पाडला असशील कुठेतरी दगडावर. इथे सगळे तुझ्यावर टपलेले. म्हटलं, यांच्या हातात आयतं कोलीत कशाला द्यायचं? म्हणून पुसला. तू घरी आलीस त्या दिवशी कळलं, तो काय होता ते. पण तेव्हा माझी जीभ उचलली नाही.”

कुणीतरी खुदकन हसलं आणि लगेच गप्प झालं. तिला भरून आलं, आणि त्याच क्षणी तिला ती बाटली त्याच्या डोक्यात घालावीशी वाटली. दोन्ही अगदी खरं होतं. जगात एकच माणूस तिची चूक झाकायला धावला होता, आणि त्यानं झाकलं होतं ते नेमकं हे.

“दादा, ती चूक नव्हती,” ती म्हणाली. “ते माझं काम होतं. महिन्यातून दोनदा मी मांडीभर पाण्यात उभी राहून तो सेन्सर घासते, त्याची तेवढी एकच खूण उमटते या सगळ्या कागदांत. तू मला वाचवायला गेलास आणि मलाच पुसून टाकलंस.”

दादा खाली बसला.

अध्यक्षांनी घसा साफ केला. “चला, म्हणजे वाईट हेतू कुणाचाच नव्हता, हे स्पष्ट झालं. भावाची माया ती. कंपनी दुसरा ऑपरेटर देईल, भरलेले आकडे वेगळ्या रंगात दाखवेल. विषय संपला. टॉवर फुकट आहे, हे विसरू नका. बाई, हा कागद. सही करा.”

तिनं कागदाला हात लावला नाही.

“हेतू वाईट असता तर बरं झालं असतं,” ती म्हणाली. “वाईट माणसावर नजर ठेवता येते. हा माझा भाऊ आहे. आयुष्यात कुणाच्या अध्यात ना मध्यात. याच्यासारख्या माणसाच्या हातून मायेपोटी आकडा पुसला जातो, तर जो येईल तो भीतीपोटी पुसेल, साहेबाच्या धाकापोटी पुसेल, गावात उगाच घबराट नको म्हणूनही पुसेल. मला वाटेत वाईट माणूस नको, चांगलाही नको. डब्यापासून या गच्चीपर्यंत मला वाटेत माणूसच नको. म्हणून मी तो मुका, गरीब, बारा अक्षरांचा रेडिओ मागतेय. त्याला माया करता येत नाही.”

“सही करा, बाई.”

“नाही करणार.”

“मग तुमच्या जागी दुसरं कुणी बघावं लागेल.”

“खुशाल बघा. माझ्या खोलीची किल्ली आत्ता देते. पण जो कुणी येईल त्याला आधी घळीत उतरवा, मांडीभर पाण्यात उभं करा, आणि मग हा कागद त्याच्या हातात द्या. सही करतो का बघू.” तिनं खरंच किल्ली काढून टेबलावर ठेवली. ती खणकन वाजली.

नर्सबाईंनी हातातली बाटली खाली ठेवली. “एक मला सांगा,” त्या म्हणाल्या. “तुमच्या रेडिओला भोकं आहेत, हे तुम्हीच म्हणता. नेमकं त्या भोकाच्या वेळी पाणी बिघडलं तर? माझ्या दवाखान्यात तान्ही मुलं असतात.”

एवढ्या दिवसांत हा पहिला खरा प्रश्न होता, आणि तिला तो विचारल्याबद्दल नर्सबाईंचे पाय धरावेसे वाटले.

“एक भोक पडलं तर पुढच्या पाव तासाला कळेल. ओळीनं चार पडली तर मी बाटली घेऊन घळीकडे निघेन, रात्र असो की पाऊस. भोक दिसलं की माणूस उठून बघायला जातो, नर्सबाई. भरलेलं दिसलं की पांघरूण ओढून झोपतो.”

मतं हात वर करून घेतली. टॉवरच्या बाजूनं अध्यक्ष आणि त्यांचे दोघे नेहमीचे. रेडिओच्या बाजूनं आधी नर्सबाई. मग हेडमास्तर. मग बेकरीवाले. ते म्हणाले, “पोस्टकार्ड तर पोस्टकार्ड, निदान आपल्या पत्त्यावर तरी येईल.” सगळ्यांच्या माना कोपऱ्यात बसणाऱ्या छापखानेवाल्याकडे वळल्या. हा गृहस्थ सभेत कधी बोललेला कुणाला आठवत नव्हतं. तो तेव्हाही बोलला नाही. त्यानं सावकाश हात वर केला आणि चौघं झाले.

अध्यक्षांनी चष्मा पुसला नाही. त्यांनी किल्ली तिच्याकडे सरकवली.

दादाला कंपनीनं टॉवरच्या खोलीतून काढून फाटकावर उभं केलं. येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांचे नंबर लिहायचे. वहिनी चार दिवस तिच्याशी बोलली नाही, आणि तिनंही समजूत घातली नाही. काय सांगणार होती? जे केलं ते पुन्हा केलं असतं.

रिलेची पेटी दोन पुरुष वर चढली. नऊच्या नऊ डबे बोलू लागले. महिना संपला तेव्हा पहिला तक्ता मंडळाच्या दारावर लावायचा होता, गावानं येता-जाता वाचावा म्हणून. कारकून म्हणाला, रिकाम्या जागा ओंगळ दिसतात, निदान एकेक आडवी रेघ तरी मारू. ती म्हणाली, रेघ नाही, टिंब नाही, जिथे काही आलं नाही तिथे कोरा कागद दिसू दे. मग अध्यक्ष स्वतः खाली आले. त्यांनी साफसफाईच्या गुरुवारचा चार पॉइंट शून्य बघितला आणि कपाळाला हात लावला.

“तेवढा चार काढा हो. लोक घाबरतील.”

“घाबरू द्या. घाबरले की विचारतील. विचारलं की सांगू.”

“रोज किती जणांना सांगत बसणार?”

“जितके विचारतील तितक्यांना. मला दुसरं काम काय आहे?”

तिनं चारही कोपऱ्यांना चिकटपट्टी लावली आणि तळव्यानं दाबून बसवली. बघता बघता दाराशी दहा-बारा माणसं जमली. दुकानांत जाणाऱ्या बाया, टपालवाला, शाळेतून मुलांना घेऊन निघालेली दोन माणसं. कुणी कोऱ्या जागा मोजत होतं, कुणी आपल्या घराजवळचा डबा शोधत होतं. ती आतून, खिडकीशी उभी राहून बघत होती. पहिलाच प्रश्न कोण विचारतं, आणि काय विचारतं, याची तिला धास्ती होती.

“अगं बाई, हे बघा!” एक पिशवीवाली बाई ओरडली. “चार पॉइंट शून्य! म्हणजे गुरुवारी पाणी खराब होतं आणि आम्हाला कुणी सांगितलंसुद्धा नाही?”

गर्दीत गलका झाला. ती दाराकडे वळली, तेवढ्यात गर्दीच्या मागून कुणीतरी वाट काढत पुढे आलं. अंगात फाटकावरच्या पहारेकऱ्याचा गणवेश होता, बाह्या जरा आखूड. दादानं त्या आकड्यावर बोट ठेवलं आणि ते तसंच ठेवून तो लोकांकडे वळला.

“पाणी चांगलं होतं,” तो मोठ्यानं म्हणाला. “तेव्हा माझी बहीण ओढ्यात उभी होती.”